बुलंद आवाजाची मागची बाजू

केरबा: आण्णा, जरा मोठ्यानं बोला की! काय म्हणालायसा त्ये सगळं वाऱ्याव चाललंय.

राजवीर: त्यांना मोठ्यानं बोलता येत नाही, केरबामामा. दिवाळीनंतर घशाची शस्त्रक्रिया झाली. आता एवढाच आवाज उरला आहे. मी तुम्हाला फोनवर कळवलं होतं.

केरबा: फोनवर मला काय ऐकू येतंय रं? पंचवीस वर्सं गणपतीच्या मिरवणुकीत स्वतःच्याच डॉल्बीपुढं हुबा ऱ्हायलोय. डावा कान पंचगंगेत सोडला, उजवा निम्मा शिल्लक हाय. तू म्हणालास आवाज गेलाय, मला वाटलं मशिनीचा गेलाय.

राजवीर: मशीनचाही गेला आहे.

केरबा: आत्ता गं बया. एकाच घरात दोन-दोन पेशंट.

आण्णा: इचार त्याला, इतकं दिवस कुठं मेलता म्हणावं.

राजवीर: आण्णा विचारतात, बऱ्याच दिवसांत आपलं येणं झालं नाही.

आण्णा: मी आसं इचारलं?

राजवीर: आशय तोच आहे.

आण्णा: आशय तुझ्या लायब्ररीत ठेव कपाटात. मेलता म्हण.

राजवीर: आण्णा म्हणतात... तुम्ही कुठं मेला होता.

केरबा: हां! आता कसं आण्णा बोलल्यागत वाटलं! चुकलं आण्णा, खरंच चुकलं. तुमच्या कुस्तीच्या मैदानाला स्पीकर लावून लावून माझं घर चाललं, आणि तुमच्या घशाला सुरी लागली तर मला पत्त्या न्हाय. खरं, एक सांगू? तुमच्या मैदानाला स्पीकर लावायची गरजच नसायची. मी नुसता वायरी सोडून झाडाखाली झोपायचो. तुमी पैलवानाचं नाव पुकारलं की कळंब्याच्या तळ्यातली बदकं उडायची.

आण्णा: मुडशिंगीतनं कळंब्याची बदकं उडवतोय. थापाड्या.

राजवीर: आण्णा म्हणतात, आपण थोडी अतिशयोक्ती केलीत.

आण्णा: पुन्हा!

राजवीर: थापाड्या म्हणतात.

केरबा: व्हय, हाईच मी. बरं, मशिनीला काय झालंय?

आण्णा: मशीन ऱ्हाऊ दे. आदी इचार, गडमुडशिंगीच्या मैदानाचं काय ऐकलंय का. यात्रा पंधरा दिवसांवर आली, आज पत्रक छापाय जाणार, आणि यात्रा कमिटीच्या आकारामचा अजून फोन न्हाय. सत्तेचाळीस वर्सं मी पुकारतोय थितं. एकदाबी फोन चुकला नव्हता.

राजवीर: आण्णा विचारतात, चहा घेणार का.

आण्णा: मी चहाचं इचारलं?

राजवीर: आधी चहा होऊ दे, आण्णा. मैदान कुठं पळून जात नाही.

केरबा: चहा? घेऊ की. वहिनी कुठं हाईत?

राजवीर: आई शिरोळला आक्काकडे गेली आहे. मी ठेवतो. तोवर तुम्ही हे बघा. हा रेकॉर्ड प्लेअर मी आण्णांसाठी जुन्या बाजारातून आणला. त्यांच्या तबकड्या ट्रंकेत वीस वर्षं पडून होत्या. घर फार शांत झालं होतं, केरबामामा. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायचा. वाटलं, त्यांना बोलता येत नाही तर निदान काहीतरी वाजावं.

केरबा: चांगलं केलंस. मग वाजीव की.

राजवीर: तबकडी फिरते, सुई बसते, अँप्लिफायरचा दिवा लागतो. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी दुसऱ्या खोलीत डास गुणगुणावा तेवढंच ऐकू येतं. हे बघा.

केरबा: मला तर डासबी ऐकू ईना.

आण्णा: भैऱ्याला बोलवलंस तबकडी ऐकायला. शाब्बास. मुक्याच्या घरात भैरा पावणा.

राजवीर: आण्णा म्हणतात...

आण्णा: सांग. हूं.

राजवीर: मुक्याच्या घरात बहिरा पाहुणा.

केरबा: तर! आता एक आंधळा आणला की तमाशाचा फडच उभा ऱ्हाईल. बरं, ह्याला विलाज सोपा हाय. ह्यो अँप फेकून द्या. टेम्पोत माझा दोन हजार वॅटचा पडलाय, त्यो जोडतो. गाणं न्हाई वाजलं तर कौलं तरी वाजतील.

राजवीर: आमचं घर स्लॅबचं आहे. आणि प्रश्न ताकदीचा नाही, मामा. मी आठवडाभर वाचतो आहे. या विषयात जगभर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, प्रीअँप्लिफायरवाचून घरची ध्वनियंत्रणा अपुरी. मुख्य अँप्लिफायरच्या आधी तो हवाच. दुसरा म्हणतो, मध्ये जितकी यंत्रं कमी, तितका आवाज निर्मळ. दोन्हीकडचे लोक एकमेकांना फार वाईट बोलतात.

आण्णा: मी दुसऱ्या पंथातला. गाणारा हाय, ऐकणारा हाय. मधी दलाल कशाला?

राजवीर: आण्णा मध्यस्थाच्या विरोधात आहेत.

आण्णा: दलाल म्हणलो मी! आणि दलालीबी करायलास तर नीट कर की.

केरबा: काय म्हणालं?

राजवीर: दलाल नको म्हणतात.

केरबा: आण्णा, ऐका. वॅट-वॅट म्हणालो त्ये सवयीनं तोंडातनं गेलं, पर पोरगं बरोबर बोलायलंय. तुमच्याच भाषेत सांगतो. मोबाईल लावला, टीव्ही लावला, तर त्यो आवाज म्हंजे खाऊन-पिऊन तयार गडी. थेट आखाड्यात सोडा, काय लागत न्हाय त्याला. मग प्रीअँप घ्या न्हायतर नका घेऊ. खरं, ह्या सुईच्या टोकातनं जे निघतंय न्हवं, त्ये पाळण्यातलं पोर. त्याला थेट आखाड्यात टाकलं तर रडलेलंबी कुणाला कळायचं न्हाय. आदी तालमीत न्यायचं, दूध-बदाम घालायचं, मग मोठ्या अँपच्या हवाली करायचं. प्रीअँप म्हंजे तालीम, आण्णा. दलाल न्हवं.

आण्णा: हूं. हे बरं सांगितलं येड्यानं.

राजवीर: आण्णांना पटलं.

आण्णा: येड्यानं म्हणलो.

राजवीर: वेड्यानं बरं सांगितलं म्हणतात. शिवाय, आण्णा, नुसतं मोठं करण्याचं काम नसतं त्याचं. तबकडी कोरतानाच खर्ज मुद्दाम दाबून ठेवतात, नाहीतर रेघा एकमेकींत घुसतात. आणि बारीक सूर उचलून ठेवतात. प्रीअँप्लिफायर दाबलेलं पुन्हा वर आणतो आणि उचललेलं खाली. म्हणजे जे मुळात गायलं गेलं, ते जसंच्या तसं मिळतं.

आण्णा: म्हंजे तुझ्या उलटं काम.

राजवीर: माझ्या?

आण्णा: मी दगूड टाकला की तू गुलाबजाम करून पुढं सरकवतोस. बाप मैदानात वरडून जगला आणि पोरगं 'शांतता राखा' अशा पाटीखाली बसून पगार घेतंय. आता बापाचा आवाजबी त्याच पाटीखाली नेऊन बसवलास.

राजवीर: चहा उतू जाईल. मी बघून येतो.

केरबा: आण्णा, पोरावर चिडू नका. तुमचं ऐकू येत न्हाय मला, खरं तुमच्या मिशा कळत्यात. आणि घशाचं मनाला लावून घेऊ नका. मैदानाचंबी तुमी नको म्हणून कळवलासा त्ये झाक केलंसा. मी तर आकारामला म्हणलो, आण्णाचा आवाज न्हाई म्हंजे ह्यो खेळ डोळं मिटून बघितल्यागत. दुसरा कोण पुकारणार हाय देव जाणे. कुणी सांगलीकडचा पोरगा हाय म्हणं, निम्मं इंग्लिश बोलतोय.

आण्णा: राजवीर.

केरबा: काय?

आण्णा: राजवीर!

केरबा: राजवीर, आण्णा तुझं नाव घेत्यात वाटतं. ओठ तसंच हलायलेत. दोनदा.

राजवीर: आलो. हा घ्या चहा. काय झालं?

आण्णा: मी मैदान नको म्हणलो? ह्यो सांगायलाय. आकारामचा फोन आलता?

राजवीर: आला होता. तीनदा, माझ्या मोबाईलवर.

आण्णा: आणि तू काय सांगितलंस?

राजवीर: पहिल्यांदा सांगितलं, आण्णा विश्रांती घेत आहेत. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी फार आग्रह केला, तेव्हा म्हणालो की... आण्णांची इच्छा नाही.

आण्णा: कुणाची?

राजवीर: तुमची.

आण्णा: माझी इच्छा मला न इचारता तू वाटलीस. आणि मी दिवसभर घरातल्या फोनकडं बघत बसायचो, कुत्रं भाकरीकडं बघतंय तसा. त्ये तुला दिसत हुतं.

राजवीर: दिसत होतं. आण्णा, दवाखान्यातून आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दूधवाल्याला हाक मारलीत. तो समोरून गेला. तुम्ही पुन्हा हाक मारलीत. तो कोपऱ्यावरून वळला. आणि तुम्ही पातेलं हातात घेऊन दारात तसेच उभे राहिलात, कितीतरी वेळ. मी खिडकीतून बघत होतो. मला ते दहा हजार माणसांसमोर पुन्हा घडू द्यायचं नव्हतं.

आण्णा: खिडकीतनं बघत हुतास.

राजवीर: हो.

आण्णा: मग तू का न्हाई मारलीस हाक त्याला? तुला तर घसा हाय की रं, भाड्या. सबंध.

केरबा: भांडण चाललंय का तुमचं? चालू द्या, चालू द्या. मला एकाच अंगाचं ऐकू यायलंय, त्यामुळं पोराचंच खरं वाटायलंय. मी आपला मशीन उलटं करून बघतो. वजनदार हाय की! आण्णा, कुठं मिळालं हे?

राजवीर: गडमुडशिंगीच्याच यात्रा कमिटीनं दिलं होतं. आण्णांच्या पंचवीस वर्षांच्या सत्काराला. फेटा, नारळ आणि हा अँप्लिफायर. तेव्हापासून आम्ही त्यावर कॅसेट लावली, नंतर सीडी. दर खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलं.

केरबा: ते दिसतंयच. बटणाच्या खाचंत हळद, हवंच्या जाळीत जोतिबाचा गुलाल. आणि ह्यो मागं तळहाताएवढा कागूद कसला चिकटवलाय? निम्मी पाठ झाकली.

राजवीर: तो सत्काराचा मजकूर आहे. "कुस्ती मैदानाचा बुलंद आवाज, श्री. सयाजी आनंदा खोत यांस सप्रेम भेट."

केरबा: सप्रेम भेट कुणी ढुंगणाव चिकटवतंय व्हय?

आण्णा: पुढंच लावलता त्यांनी. बटणं झाकत हुता, आवाज कमीजास्त कराय येत नव्हतं. मग मीच भिजवून काढला आणि मागं डकवला. भिताडाकडं तोंड करून का हुईना, नाव ऱ्हायलं.

राजवीर: पुढं बटणं झाकली जात होती, म्हणून आण्णांनीच मागं हलवला.

केरबा: आणि मागं काय झाकलं जातंय त्ये बघितलं न्हाय. राजवीर, बोट लाव हितं. कागदाखाली काय लागतंय?

राजवीर: दोन उंचवटे आहेत. गोल. आणि बाजूला एक बारीक स्क्रू.

केरबा: अरं तुझ्या! आण्णा, ही रेकॉर्डची भोकं हायत! सुईची पिन घालायची खास जागा. ह्याच्या आत प्रीअँप हाईच की बसवलेला. कंपनीनं घातलाय, फुकटात. तू पिन घातलीस ती सीडीच्या भोकात. म्हंजे पाळण्यातलं पोर आखाड्यात, आणि तालीम कुलपात.

राजवीर: म्हणजे वेगळा घ्यायलाच नको?

केरबा: कशाला? घरातच हाय, बावीस वर्सं. तू जगभर पंथ शोधत बसलास, आणि बापाच्या सत्काराखाली हात घालून बघितला न्हाईस.

राजवीर: बावीस वर्षं...

केरबा: आता कागूद फाडाय लागतोय एवढंच. वाळून पापडागत झालाय, अखंड काय निघायचा न्हाय.

राजवीर: फाडू नका. वाफ देऊन बघू या. किंवा कडेनं ब्लेड घालून... वाचनालयात आम्ही जुन्या पानांसाठी करतो तसं. नाहीतर राहू द्या, मी वेगळा प्रीअँप्लिफायर मागवतो. लहानसा मिळतो.

आण्णा: फाड म्हण त्याला.

राजवीर: आण्णा, त्यावर तुमचं...

आण्णा: 'बुलंद आवाज' लिव्हलंय. म्हाईत हाय मला. आज बुलंद कोण हाय ह्या घरात? त्यो भैरा. सांग त्याला.

केरबा: काय म्हणत्यात?

राजवीर: काही नाही, ते जरा...

आण्णा: राजवीर. जसंच्या तसं.

राजवीर: आण्णा म्हणतात, फाडा.

(कागद फाटल्याचा आवाज. मग सुईची खरखर, आणि खोलीभर ढोलकी.)

केरबा: आयला! आण्णा! निम्म्या कानाला ऐकू आलं! ढोलकीवाल्याची अंगठी लाकडाला लागली तीबी ऐकू आली! वॅट न्हाय, काय न्हाय!

आण्णा: बंद कर.

राजवीर: बंद? आण्णा, आत्ताच तर...

आण्णा: नंतर ऐकू. तबकडी कुठं पळून जात न्हाय. पत्रक छापाय जाईल. आकारामला लाव फोन.

राजवीर: आत्ता?

आण्णा: न्हाय, पुढच्या यात्रंला. लाव.

राजवीर: लावतो. ...नमस्कार, आकारामकाका. राजवीर खोत बोलतो आहे. आण्णांच्या सहभागासंदर्भात माझ्याकडून थोडा गैरसमज...

आण्णा: गैरसमज काढ. म्हण, माझ्या पोरानं माझ्या तोंडात शेण घातलं.

राजवीर: काका, आण्णा म्हणतात, त्यांच्या मुलानं त्यांच्या तोंडात शेण घातलं. ...हो, मीच तो मुलगा. ...नाही, त्यांनी नको म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं. त्यांना न विचारता.

केरबा: आवाज वाढीव, राजवीर! फोनला काय वाचनालय समजतोस काय?

आण्णा: म्हण, सयाजी खोत मैदानाला येणार.

राजवीर: सयाजी खोत मैदानाला येणार, काका. ...ते विचारतात, पुकारणार कसे?

आण्णा: शब्द माझं. आवाज पोराचा.

राजवीर: शब्द आण्णांचे, आवाज... कुणाचा?

आण्णा: तुझा. माझ्या मांडीला मांडी लावून बसायचं. मी कानात सांगणार, तू माईकमधनं पुकारणार.

राजवीर: काका, एक मिनिट हं. आण्णा, हे मला जमणार नाही. मी कुणाला रस्त्यात हाकसुद्धा मारत नाही. आमच्याकडे लोक खोकायलादेखील बाहेर जातात. दहा हजार माणसं...

आण्णा: तू एक 'नको' सांगितलंस माझ्या नावानं. आता एक 'व्हय' सांग तुझ्या नावानं. फिट्टंफाट.

केरबा: काय ठरलं? मला कायतरी सांगा की! फोनवाला तिकडं हॅलो-हॅलो करून मरायला लागलाय, ते मला ऐकू यायलंय आणि तुमचं न्हाय.

राजवीर: काका? आहे, मी आहे. शब्द आण्णांचे. आवाज माझा. ...हो, माझा. राजवीरचा. ...नाही, याआधी कधीही नाही. ...थांबा, विचारतो. आण्णा, पत्रकावर काय छापायचं म्हणतात. दरवर्षीप्रमाणे 'बुलंद आवाज सयाजी खोत' असंच का?

आण्णा: बुलंद काढ म्हणावं. सयाजी खोत आणि राजवीर सयाजी खोत. संपलं.

राजवीर: 'बुलंद' काढायचं, काका. नुसती नावं. सयाजी खोत आणि राजवीर सयाजी खोत. ...बरं. कळवतो त्यांना. ते म्हणतात, आण्णा, हलगीवाले तुमची आठवण काढत होते.

आण्णा: हलगीवाल्यांना म्हणावं, मी बोलताना जरा दमानं वाजवा.

राजवीर: जरा दमानं वाजवा म्हणतात, आण्णा बोलताना. ...ठेवतो.

केरबा: झालं? झालं न्हवं? मग रंगीत तालीम घ्या की आत्ताच! मी पब्लिक. आण्णा, सांगा त्याच्या कानात.

आण्णा: ऐका हो ऐका, मुडशिंगीकर.

राजवीर: आण्णा म्हणतात, ऐका हो ऐका...

आण्णा: 'आण्णा म्हणतात' काढ त्यातलं.

राजवीर: ऐका हो ऐका, मुडशिंगीकर.

केरबा: काय बोलला का कोण?

राजवीर: ऐका हो ऐका, मुडशिंगीकर!

केरबा: हां, आता ओठ हललेलं दिसलं. अजून!

राजवीर: ऐका हो ऐका, मुडशिंगीकर!

केरबा: आलं! कानावर आलं! बदकं न्हाय उडाली, खरं एकादं कोंबडं बिचकलं असंल!

आण्णा: भ्यालास?

राजवीर: फार.

आण्णा: मीबी भ्यायचो. सत्तेचाळीस वर्सं, दर मैदानाला. त्ये कुणाला कळू नये म्हणून तर वरडायचो.

केरबा: काय म्हणालं आण्णा? मोठ्यानं सांग की!

राजवीर: काही नाही, केरबामामा. हे मोठ्यानं सांगायचं नव्हतं.